सुका पास्ता शेवयांसारखा, शिजलेला भातासारखा: बडोद्यात नव्याने चूल मांडणाऱ्यांसाठी

"मावशी, पास्ता हलतोय."

जुलैतली रात्र, साडेदहा वाजलेले, आणि फोनवर भाची. शिकायला म्हणून बडोद्याला येऊन, फतेगंजला खोली घेऊन तिला जेमतेम दीड महिना झाला होता. आल्या आल्या तिने दोन किलो सुटा पास्ता आणला, स्वस्त पडतो म्हणून. पिशवीला गाठ मारली आणि ओट्याखाली सारून दिली. आज पाणी उकळत ठेवून पिशवी सोडली, तर नळ्यांमधून सोंडे बाहेर डोकावत होते. म्हटलं, पाण्यात टाकू नकोस, सकाळी येते.

सकाळी गेले तर वेगळंच दृश्य. रात्री मग तिने फ्रिजमधलं दुसरं पाकीट फोडलं होतं. अर्धा पास्ता खाल्ला, उरलेला पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवला, दुपारच्या डब्याला न्यायचा म्हणून. आणि पाकिटातला उरलेला कोरडा पास्ता? तो परत फ्रिजमध्ये, उघड्या तोंडाने, अर्ध्या कापलेल्या कांद्याच्या शेजारी. म्हणजे जे बाहेर राहायला हवं ते आत, आणि जे आत जायला हवं ते रात्रभर बाहेर.

त्यानंतर मी लक्ष ठेवून पाहिलं. नव्याने स्वयंपाक करणाऱ्या बहुतेकांच्या खोलीत हीच उलटापालट असते. कोरड्या पास्त्याची काळजी वाहतात, शिजलेल्याला कुणी विचारत नाही. खरं तर पास्त्याला पाणी लागेपर्यंत तो शेवया किंवा कुरडयांच्या जातीचा असतो. डब्यात नीट भरला की महिनोन्महिने हाक मारत नाही. पाणी लागलं की तो भात होतो, आणि भाताला घड्याळ असतं.

आणताना

कोरड्या पास्त्यात ओल साधारण बारा टक्केच उरलेली असते. एवढ्या पाण्यावर जंतू किंवा बुरशी वाढू शकत नाहीत, म्हणून तो टिकतो. त्याला शत्रू दोनच: बाहेरून येणारी ओल आणि किडे. आणि किडे बहुतेक वेळा घरात तयार होत नाहीत, आपण ते पिशवीतून विकत आणतो.

म्हणून खंडेराव मार्केटात किंवा हाथीखान्यात सुटा पास्ता घ्यायचा मोह झाला तर आधी पोत्याच्या तळाशी बघा. तळाला पीठ साचलंय, नळ्यांना टाचणीएवढी भोकं आहेत, चार नळ्या जाळीने एकमेकींना चिकटल्या आहेत, यातलं एक जरी दिसलं तरी पुढे चला. सुट्या मालाला तारीख नसते, हीसुद्धा अडचणच. माझं मत विचाराल तर एकट्या माणसाने अर्ध्या किलोचं बंद पाकीट घ्यावं. दोन किलोत जे चार पैसे वाचतात ते सोंडे खातात. पावसाळ्यात तर महिन्याभरात संपेल एवढाच आणावा.

पाकिटावर घटक वाचा. डुरम गव्हाचा रवा लिहिलेला पास्ता शिजल्यावर आकार धरून राहतो, मैद्याचा लवकर गिचका होतो, आणि उरलेला ठेवायचा असेल तर हा फरक फार जाणवतो. डुरम हे नाव परकं वाटतं एवढंच. आपल्याकडे शेवया आणि रव्यासाठी नावाजलेला बन्सी गहू डुरमच. इथे गुजरातेत खंभातच्या आखाताजवळच्या भाल भागात नुसत्या जमिनीतल्या ओलीवर पिकणारा भालिया गहूही डुरमच. त्याला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा पास्ता कसा ठेवायचा हे शिकायला इटलीला जायची गरज नाही. शेवया कशा ठेवतात हे आईला फोन करून विचारलंत तरी अर्धं काम झालं.

तारखेबद्दल एक गोष्ट. पाकिटावर 'बेस्ट बिफोर' असतं, ते चवीचं आश्वासन आहे. त्या दिवसानंतर पास्त्याचं विष होत नाही. साध्या कोरड्या पास्त्याला बहुधा दोन वर्षं दिलेली असतात. तारीख महिनाभर उलटली, पण पास्ता कोरडा आहे, किडा नाही, वास नाही, तर खुशाल शिजवा. मात्र आटा पास्ता, म्हणजे कोंड्यासकटचा, आणि अंडं घातलेल्या नूडल्स यांना ही सूट नाही. कोंड्यातलं आणि अंड्यातलं तेल खवट होतं. जुन्या तेलासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला की टाकून द्या. हे प्रकार फोडल्यावर चार-सहा महिन्यांत संपवावेत.

डब्यात भरताना

शक्य असेल तर डब्यात भरण्याआधी एक काम करा. पाकीट न फोडता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, बर्फाच्या कप्प्यात चार दिवस ठेवा. कप्पा उणे अठरा अंशांच्या आसपास असेल तर डोळ्यांना न दिसणारी अंडीसुद्धा मरतात. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. त्यामुळे बाहेरून स्वच्छ दिसणारा पास्ता आतून स्वच्छ असेलच असं नाही. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून किडा व्हायला महिना-सव्वा महिना पुरतो. भाचीचा दीड महिना आठवा.

चार दिवसांनी पाकीट बाहेर काढलं की लगेच फोडायचं नाही. इथे बरेच जण चुकतात. थंड पाकीट बडोद्याच्या दमट हवेत उघडलं की हवेतलं पाणी पास्त्यावर दवासारखं जमतं आणि एवढा खटाटोप करून आपण स्वतःच ओल आत घालतो. तसंच बंद ठेवा, चार-पाच तासांनी हाताला गार लागेनासं झालं की मग फोडा. छोट्या फ्रिजमध्ये जो बर्फाचा खण असतो तो एवढा थंड होत नाही, तिथे हा उपाय भरवशाचा नाही. मग थोडा आणा आणि लवकर संपवा.

डबा घासून, पुसून, झाकणासकट एक दिवस उघडा वाळवा. झाकणाच्या रबरी कडीच्या खाचेत पाणी राहतं, कडी काढून पुसा. काचेची बरणी, स्टीलचा गच्च झाकणाचा डबा किंवा झाकणाला चार बाजूंनी पकड असलेला प्लास्टिकचा डबा, तिन्ही चालतात. पातळ प्लास्टिकची पिशवी चालत नाही, तिला काही किडे सरळ कुरतडून आत जातात. नुसतं रबर लावून दुमडलेलं पाकीट म्हणजे पाहुण्यांना दार उघडं. पाकिटावरचा शिजवायच्या मिनिटांचा तुकडा कापून डब्यात टाका, आणि डब्यावर कागदी पट्टी चिकटवून कधी फोडला ती तारीख लिहा. फोडलेला साधा पास्ता नीट डब्यात असेल तर वर्षभर चांगला राहतो.

जुन्या पास्त्यावर नवा ओतू नका. आधी जुना संपवा, डबा धुवा, वाळवा, मग नवा भरा. आणि काढताना कोरडा हात. चूल पेटलेली, पातेल्यात उकळी आलेली, अशा वेळी वाफेवर डबा धरून उघडायचा नाही. मूठभर पास्ता आधीच वाटीत काढून झाकण लावून टाका.

डबा कुठे ठेवायचा? ओट्याखाली नळाच्या पाइपशेजारी नको, गॅसच्या वरच्या फळीवर नको, फ्रिजच्या माथ्यावर नको. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पश्चिमेची भिंत रात्री दहालाही हाताला गरम लागते. त्या भिंतीवरची फळी सोडून कुठलीही आडोशाची, अंधारी, कोरडी जागा चालेल. काचेची बरणी खिडकीत छान दिसते, पण उजेडाने पास्त्याचा पिवळेपणा उडतो. फ्रिज कोरड्या पास्त्याला लागत नाही. तिथे ओल आहे, वास आहेत, आणि दार दर तासाला उघडतं.

आता आपली खास सवय: ऊन दाखवणे. डाळीला, शेवयांना ऊन दिलं तसं पास्त्यालाही गच्चीवर पसरायचा विचार मनात येतोच. करू नका. पास्ता एकदम तापला, एकदम सुकला की त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि उकळत्या पाण्यात त्याचे तुकडे होतात. आपल्याला वाटतं मालच खराब होता.

बडोद्यातल्या घरांत वर्षाच्या गव्हाला दिवेल चोळतात. आम्हीही चोळतो. एरंडेलाचा पातळ हात लागलेला गहू वर्षभर टिकतो, ते खरंच. पण म्हणून पास्त्याला दिवेल लावणाऱ्या एका शेजारणीचा पास्ता मी खाल्लेला आहे. त्यावर जास्त बोलत नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा तमालपत्र डब्यात टाकायचं तर टाका, नुकसान नाही, पण सैल झाकणाची उणीव पाला भरून काढत नाही. बोरिक पावडर मात्र पास्त्यात अजिबात नको. तांदूळ आपण चार पाण्यांनी धुतो, पास्ता कुणी धुत नाही. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. आणि गोदामात धान्याला लावतात त्या विषारी वायूच्या गोळ्या तर घरात आणूच नका. बंद खोलीत त्या वायूने माणसं दगावतात.

किडे निघालेच तर

सोंड्यांना आमच्या शेजारच्या गुजराती काकू धनेडां म्हणतात आणि चाळून, निवडून धान्य वापरतात. धान्याचं ठीक आहे, पण पास्त्याच्या नळीत काय दडलंय ते चाळणीला कळत नाही. चुकून एखादा पोटात गेला म्हणून काही होत नाही, घाबरू नका. पण भरलेला डबा टाकून द्या, विशेषतः तांबूस बारीक भुंगे असतील तर. ते उग्र वासाचा द्रव सोडतात आणि तो वास शिजवून जात नाही. पिशवीला घट्ट गाठ मारून त्याच दिवशी घराबाहेर, स्वयंपाकघराच्या कचऱ्यात नव्हे. फळीच्या सांधी कोरड्या ब्रशने झाडा. शेजारचे रवा, पोहे, मैदा, शेवया यांचे डबे उघडून बघा. भाचीच्या बाबतीत रव्यातही निघाले.

पास्त्यावर हिरवट-काळे ठिपके किंवा कुबट वास असेल तर तेवढा भाग काढून बाकीचा वापरू नका, सगळाच टाका. बुरशीची काही विषं उकळूनही जात नाहीत.

आता शिजलेला

इथून पुढचं जरा सावकाश वाचा, कारण पोट बिघडतं ते इथे.

शंभर ग्रॅम पास्ता शिजून सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम होतो. वाढलेलं सगळं वजन पाण्याचं. बॅसिलस सिरियस नावाचा एक जंतू माती, धान्य, पीठ यांत सर्रास असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. कोरड्या पास्त्यात ते झोपलेले असतात. पास्ता शिजवून कोमट होऊ दिला की त्यांना हवं ते सगळं मिळतं: ओल, पीठ, ऊब. ते जागे होतात, वाढतात आणि सेर्युलाइड नावाचं विष तयार करतात. हे विष उष्णतेने मोडत नाही. म्हणजे ओट्यावर रात्रभर राहिलेला पास्ता सकाळी कितीही परतला, प्रेशर कुकरला लावला, तरी जंतू मरतील, विष तिथेच राहील. "गरम करून घेतला की झालं" या वाक्यावर आपला फार विश्वास असतो आणि नेमका इथे तो उपयोगाचा नाही.

याची नोंदवलेली उदाहरणं आहेत. बेल्जियममध्ये २००८ साली वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस बाहेरच राहिलेली स्पॅगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ली. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंथरुणात मृत आढळला. त्याच देशात २००३ मध्ये एका कुटुंबातल्या पाच मुलांनी सहलीहून उरलेलं पास्ता सॅलड सोमवारी खाल्लं. ते फ्रिजमध्येच होतं, पण तो फ्रिज चौदा अंशांवर होता. सात वर्षांची मुलगी गेली. असं क्वचितच घडतं. पण कधी घडतं ते यातून कळतं: एकदा फ्रिज वापरलाच नव्हता, एकदा फ्रिज होता पण पुरेसा थंड नव्हता.

"आजी रात्रीचा भात सकाळी फोडणीला घालायची, आम्हाला काय झालं?" हा प्रश्न मला दर वेळी येतो. प्रत्येक पातेल्यात विष तयार होत नाही, हे उत्तराचा एक भाग. दुसरा भाग असा की कधीतरी झालंही असेल, एक उलटी, एक जुलाब, आणि आपण दोष आदल्या संध्याकाळच्या सेव-उसळीला देऊन मोकळे झालो असू. बडोद्यात सेव-उसळीवर असे बरेच खोटे आळ आहेत.

माझ्या स्वतःच्या घरी नवरात्रात झालं. गरब्याला निघायच्या घाईत सातला पांढऱ्या सॉसमधला पास्ता करून ठेवला, आल्यावर पोरं भुकेली असतात म्हणून. परतलो रात्री एकला. ऑक्टोबरची उकाड्याची रात्र, पातेलं झाकलेलं, हात लावला तर अजून कोमट. वास अगदी ताज्या पास्त्याचा. मी टाकायला निघाले, तोवर पुतण्याने उभ्या उभ्या अर्धी वाटी संपवली होती. पहाटे चारला उलट्या. दुपारपर्यंत सावरला, पण त्या दिवसापासून 'वास घेऊन बघ' हे वाक्य आमच्या घरात बंद आहे. या विषाला वास नाही आणि चवही नाही.

तेव्हा नियम घड्याळाचा. शिजलेला पास्ता बाहेर जास्तीत जास्त दोन तास. खोलीत बत्तीस अंशांच्या वर उकाडा असेल तर एक तास, आणि एप्रिल ते जून बडोद्यात दुपारी एकच तास धरा. गॅस बंद केला की घड्याळ सुरू, ताटात वाढलं तेव्हापासून नव्हे.

गार कसा करायचा

जेवढा आत्ता खाणार तेवढाच सॉसमध्ये घाला. उरवायचा पास्ता सॉसशिवाय, वेगळा काढा. तो नेहमीपेक्षा मिनिटभर कमी शिजवलेला असेल तर उत्तम, गरम करताना उरलेला शिजतो.

रोळीत ओतून पाणी पूर्ण निथळू द्या. मग मोठी परात घ्या आणि पास्ता पातळ पसरा, बोटाच्या जाडीपेक्षा जास्त थर नको. दोन वाट्या पास्त्याला एक लहान चमचा तेल हाताने चोळा, गोळा होत नाही. परात पंख्याखाली ठेवा, वर जाळीचं झाकण. पंधरा-वीस मिनिटांत वाफ थांबते. खोल पातेल्यात ठेवलात तर मध्यभाग तासन् तास कोमट राहतो, आणि जंतूंना तोच हवा असतो.

गार पाण्याने धुवायचा असेल, सॅलडसाठी धुतात, तर पिण्याचं गाळलेलं किंवा उकळून गार केलेलं पाणी वापरा. शिजवून स्वच्छ केलेल्या गोष्टीवर पावसाळ्यात नळाचं पाणी ओतायचं म्हणजे केलेलं काम पुसून टाकणं.

वाफ थांबली की उथळ, झाकणाच्या डब्यात भरून थेट फ्रिजमध्ये. पूर्ण गार होईपर्यंत वाट बघू नका. थोडा कोमट गेला तर फ्रिज बिघडत नाही, फक्त उकळतं पातेलं आत ढकलू नका. डबा मागच्या बाजूला, दाराच्या कप्प्यात नको. डबे एकावर एक रचून ठेवू नका, मधून गार हवा फिरली पाहिजे. कच्चं मांस-मासे असतील तर ते खालच्या फळीवर, पास्ता वर.

फ्रिज आतून पाच अंशांच्या खाली हवा. भाड्याच्या खोलीतल्या जुन्या फ्रिजवर एक ते पाचची चकती असते, तिच्यावरून अंश कळत नाहीत. फ्रिजचा साधा थर्मामीटर थोडक्या पैशात मिळतो. रात्री पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर ठेवा, सकाळी वाचा. भाचीच्या फ्रिजमध्ये अकरा निघाले. दाराचं रबर सैल झालं होतं. ते बदललं आणि चार झाले.

किती दिवस? साधा, सॉस नसलेला पास्ता तीन दिवस, फार तर चार. टोमॅटोच्या सॉसमधला तीन. दूध, साय, चीज किंवा चिकन घातलेला मी दोन दिवसांच्या पुढे ठेवत नाही, पुस्तकं जरा जास्त सूट देतात. लसणाचं तेल करून ठेवायची हल्ली टूम आहे. तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवू नका, तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बोट्युलिझम नावाच्या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकतो. त्या दिवसापुरतं करा आणि संपवा. सॉसची फोडलेली बाटली फ्रिजमध्ये, बाटलीवर लिहिलेल्या दिवसांतच. पत्र्याच्या डब्यातला सॉस उरला तर काचेच्या वाटीत काढून घ्या.

बर्फाच्या कप्प्यात

जास्त झालाच असेल तर एका वेळचा भाग एकेका पिशवीत, सपाट दाबून, हवा काढून ठेवा. सपाट पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते. दोन महिन्यांत वापरा, नंतर धोका नसला तरी भुसा लागतो. आखूड आकार, नळ्या, स्प्रिंग, शंख चांगले राहतात, स्पॅगेटीचा दोरखंड होतो. ओट्यावर वितळवायचा नाही. थेट उकळत्या पाण्यात किंवा उकळत्या सॉसमध्ये टाका.

गरम करताना

साध्या पास्त्याला उकळत्या पाण्यात एक मिनिट पुरतं. सॉसमधल्याला दोन चमचे पाणी घालून, झाकण ठेवून, मधूनमधून ढवळत, सगळीकडून वाफा येईपर्यंत. आकडा हवा असेल तर मध्यभागी ७४ अंश. मायक्रोवेव्ह कडा उकळवतो आणि मध्य थंड ठेवतो, म्हणून अर्ध्यात काढून हलवा. खाणार तेवढाच गरम करा. एकदा गरम केलेला उरला तर परत फ्रिजमध्ये नाही.

डबा न्यायचा तर

सकाळी सातला केलेला पास्ता दुपारी एकला साध्या डब्यात खाल्ला म्हणजे सहा तास झाले. दोन मार्ग आहेत. एक, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्या, मग चटका बसेल असा गरम पास्ता भरा. उघडताना खणखणीत गरम निघाला पाहिजे. कोमट निघाला तर खाऊ नका. दोन, रात्रभर फ्रिजमध्ये गार झालेला पास्ता, सोबत गोठवलेली जेलची पिशवी, दोन्ही जाड पिशवीत गुंडाळून. यातलं काहीच जमत नसेल तर थेपले न्या. गुजराती माणूस प्रवासाला थेपले का नेतो याचं उत्तर त्यांच्या कमी ओलीत आहे.

पोट बिघडलं तर

या जंतूच्या उलट्या बहुधा अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतात, जुलाब असतील तर सहा ते पंधरा तासांत. बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो. ओआरएस घोट घोट घ्या. पाणीही पोटात ठरत नसेल, रक्त पडत असेल, लघवी थांबली असेल, गुंगी येत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर आधीच जा. काय खाल्लं आणि किती वाजता, हे सांगा.

वीज गेली तर, आणि पाणी आलं तर

हा भाग बडोद्याचा. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी घराघरांत शिरली तेव्हा अनेक भागांत वीज बंद होती. दार न उघडता फ्रिज चारेक तास थंडावा धरतो. गच्च भरलेला वेगळ्या दाराचा डीप फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. वीज गेल्याची वेळ लगेच कागदावर लिहा, दाराला चिकटवा आणि 'आत काय आहे ते बघू' म्हणून उघडू नका. चार तासांच्या वर गेलं की फ्रिजमधला शिजलेला पास्ता, दूध, सॉस, सगळं टाकून द्या. बर्फाच्या कप्प्यातल्या पिशवीत अजून बर्फाचे खडे लागत असतील तर ती परत गोठवता येते.

पुराचं पाणी ज्याला लागलं ते अन्न गेलं. बंद पाकीट असलं तरी, प्लास्टिकचा डबा असला तरी. कारखान्यात सील केलेला, न चेपलेला, ओढून उघडायचं झाकण नसलेला पत्र्याचा डबा तेवढा वाचवता येतो. कागद सोलून, साबणाने घासून, चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर ब्लीच घालून त्यात पंधरा मिनिटं बुडवा, मग वाळवा आणि आत काय आहे ते वर लिहा. आमच्या खालच्या फळीवर काचेची एक मोठी बरणी होती, फिरकीच्या झाकणाची, पास्त्याने भरलेली. पाणी ओसरल्यावर उघडली तर आतला पास्ता खडखडीत कोरडा. सासूबाई म्हणाल्या, वाचला की. पण गढूळ पाणी झाकणाच्या आट्यांमध्ये शिरलेलं होतं, चिखलाची बारीक रेघ दिसत होती. पास्ता टाकला, बरणी ब्लीचने धुऊन ठेवली, आणि आता ती वरच्या फळीवर असते.